अरगटापासूनची गोळी आणि नाकातले पाणी

घाटावरून पालघर-बोईसरकडे पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच मंडळींना बाजरीवरचा अरगट ठाऊक असेल. बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिले, रिमझिम लागून राहिली, की कणसातून मधासारखा चिकट, गुलाबीसर द्रव पाझरू लागतो. पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक, दाण्याहून लांब असे काहीतरी तयार होते. ती बुरशीची गाठ. असे बी पेरायचे असेल तर दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे, बी त्यात ओतावे, वर तरंगेल ते काढून जाळावे, आणि तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, हे आम्ही शेतीखात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो.

हे नुसते पिकाचे नुकसान नव्हते. १९५६-५७ च्या सुमारास जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट मिसळलेली बाजरी खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. मळमळ, उलट्या, गरगरणे, गुंगी. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच जातीची दुसरी बुरशी येते. तिने तर मध्ययुगात गावेच्या गावे पांगळी केली. माणसांची बोटे काळी पडून गळून जात, काहींना झटके येत, काहींना भास होत.

आता मौजेची गोष्ट पाहा. आफ्रिकेत तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, डुकरिणींना अरगट लागलेली बाजरी खाऊ घातली गेली. त्या व्यायल्या, पण त्यांना दूधच आले नाही. पिले उपाशी मेली. १९५९ साली तिथल्या पशुवैद्यांनी हे लिहून ठेवले. बाजरीवरचा अरगट दूध आटवतो, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीचे शास्त्रज्ञ रायवरच्या अरगटातली द्रव्ये वेगळी करून पाहत होते. त्यांपैकी फ्लुकिगर नावाच्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९६० च्या दशकात एक औषध घडवले गेले. अरगटाचे बाकीचे विषारी गुण शक्य तितके काढून टाकायचे आणि दूध आटवण्याचा गुण तेवढा ठेवायचा, हा त्यामागचा हिशेब. ते औषध म्हणजे ब्रोमोक्रिप्टीन. १९७० च्या दशकापासून ते माणसांना दिले जाऊ लागले. त्याचेच पुढचे भावंड कॅबरगोलीन. आज आपल्याकडे अधिक करून हेच लिहून दिले जाते.

दूध आटवण्याचे औषध कोणाला लागते, असे तुम्ही विचाराल. ते लागते मेंदूच्या तळाशी होणाऱ्या एका गाठीवर. ती गाठ वितळवणारे औषध हा वैद्यकाचा मोठाच विजय आहे, पण गाठ वितळताना जे घडू शकते ते घरच्यांना आधी माहीत नसेल तर हातातोंडाशी आलेला घास जायचा. म्हणून हा लेख. मी शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. औषध किती घ्यायचे हे मी सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचे काम. लक्ष कशावर ठेवायचे तेवढे सांगतो.

हरभऱ्याएवढी ग्रंथी

मेंदूच्या खाली, दोन डोळ्यांच्या मागे, नाकाच्या पोकळीच्या वरच्या अंगाला हाडाची एक लहानशी खोबण असते. घोड्याच्या खोगिरासारखी. तिच्यात हरभऱ्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते, तिला पियुषिका ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण वाढ, पाळी, संतती, थायरॉइड, अंगातले पाणी, या सगळ्यांचे हुकूम तिथूनच सुटतात. म्हैस पाळणाऱ्या घरांना हिची एक ओळख आधीच आहे. धार काढायच्या वेळी रेडकू लावले की म्हैस पान्हावते, ती या ग्रंथीच्या मागच्या भागातून सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे. कासेत दूध तयार व्हायला मात्र पुढच्या भागातून निघणारे दुसरे द्रव्य लागते. त्याचे नाव प्रोलॅक्टिन.

बाळंतपण नसताना प्रोलॅक्टिन उगाच सुटू नये म्हणून मेंदूने त्याला वेसण घातलेली असते. ती वेसण म्हणजे डोपामिन नावाचे द्रव्य. अरगटापासून केलेली गोळी डोपामिनचेच सोंग घेते आणि वेसण ओढते. दूध आटते ते त्यामुळे.

कधी कधी या ग्रंथीतल्या काही पेशी हाताबाहेर जाऊन गाठ बनते आणि ती प्रोलॅक्टिन ओतत राहते. पियुषिकेच्या द्रव्य सोडणाऱ्या गाठींत हीच सर्वात जास्त आढळते. घाबरू नका, ही गाठ बहुतेक कधीही कॅन्सरची नसते. एक सेंटिमीटरच्या आतली असेल तर लहान, त्यापुढची मोठी, चार सेंटिमीटरच्या वरची राक्षसी.

बाईला अशी गाठ झाली की पाळी अनियमित होते किंवा थांबते, मूल होत नाही, अंगावर बाळ नसताना छातीतून दूध येते. पाळीमुळे बायका लवकर डॉक्टरकडे पोचतात आणि गाठ लहान असतानाच सापडते. पुरुषाचे तसे नाही. त्याची इच्छा मंदावते, शक्ती जाते, अंग सुस्तावते. पण हे तो बायकोशीही बोलत नाही, डॉक्टरचे तर नावच नको. वयाला, कामाला, कंपनीतल्या पाळ्यांना दोष देत वर्षे जातात आणि गाठ वाढत राहते. वाढली की ती वर चढते. वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्यांच्यावर दाब आला की समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. घोड्याला झापड लावल्यासारखे.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेले दिसले म्हणजे गाठच, असे समजू नका. उलटी-पित्तावर सर्रास दिल्या जाणाऱ्या डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड या गोळ्यांनी, मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी, थायरॉइड कमी पडल्याने, आणि अर्थातच दिवस गेल्यानेही ते वाढते. बोईसरच्या बाजारात पित्ताची गोळी मागितली की पुष्कळदा डोम्पेरिडोन घातलेलीच हातात पडते. तेव्हा रक्त तपासायला जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

आणखी एक शंका आमच्या भागात हमखास निघते. तारापूरला अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासून चालू आहे; शेजारी औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत; मग गाठ त्यामुळेच आली का? प्रदूषणाबद्दल आपली तक्रार खरी आहे आणि ती करत राहिलीच पाहिजे. पण ही गाठ जगात सर्वत्र सापडते, अणुभट्टी कधी न पाहिलेल्या गावांतही. पूर्वजांचा कोप, करणी, बाहेरचे, यांचा तर तिच्याशी काडीचाही संबंध नाही. भगताकडे गेलेले महिने डोळ्यांच्या हिशेबात मोजावे लागतात.

वितळणारी गाठ आणि गळका बांध

शरीरातल्या कितीतरी गाठींवर चाकू हाच पहिला उपाय. ही गाठ मात्र त्याला अपवाद आहे. मोठी असली तरी पहिला उपाय बहुधा गोळीच. कॅबरगोलीन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे असते, ब्रोमोक्रिप्टीन रोज. बहुतेक रोग्यांत प्रोलॅक्टिन उतरते, गाठ आकसते. कित्येकदा तर काही दिवसांतच नजर सुधारू लागते. इतक्या झपाट्याने काम करणारी औषधे थोडीच.

पण गाठ आकसण्याचा हा वेगच कधी कधी नडतो. कसा ते आपल्या शेतातल्या उदाहरणाने सांगतो. भाताच्या खाचराच्या बांधातून एखाद्या झाडाचे जाड मूळ आरपार गेलेले असते. मूळ जिवंत आहे तोवर बांध फोडूनही तेच त्या जागी बूच होऊन बसलेले असते. थेंब गळत नाही. झाड तोडले, मूळ वाळले, आक्रसले, की त्याच वाटेने पाणी झिरपू लागते आणि सकाळी पाहावे तो खाचर रिकामे. मोठी गाठ खोबणीच्या तळाचे हाड आणि मेंदूचे वेष्टण खाऊन नाकामागच्या पोकळीत उतरलेली असते. भोक तिने पाडले, आणि बूजही तीच. औषधाने ती आकसली की भोक उघडे पडते. मेंदूभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, त्यात मेंदू जणू तरंगत असतो. तो द्रव त्या भोकातून नाकात उतरतो.

आता हे पाणी म्हणजे साधी सर्दी नव्हे, हे ओळखायचे कसे? आमच्या भागात ते फार अवघड. पावसाळ्यात आवणीला दिवसभर भिजतो, सर्दी कोणाला नाही? आणि वसाहतीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांचे तर नाक-डोळे बारमाही गळतात. रात्री गॅसचा वास सुटला की घरोघरी शिंका. अशा ठिकाणी मेंदूचे पाणी नाकातून आले तरी "गॅसमुळे असेल" म्हणून माणूस ते बाहीला पुसून मोकळा होतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोईसरच्या पूर्वेला, सूर्या कालव्याच्या पाण्यावर भात आणि उन्हाळी भाजी करणारा माझ्या ओळखीचा एक शेतकरी. वय चाळिशीच्या आतबाहेर. शेतीबरोबर एका कारखान्यात कंत्राटी काम. त्याने दोनदा चष्मा बदलला, तरी बांधावरून चालताना बाजूने आलेला बैल त्याला दिसेना. मोटारसायकलचा आरसा दोनदा दुसऱ्याच्या हँडलला घासला. बायको म्हणायची, "ह्यांना समोरची मुंगी दिसते, बाजूची म्हैस दिसत नाही." शेवटी एका नेत्रतज्ज्ञाने बाजूची नजर तपासली आणि चिठ्ठी दिली ती डोक्याच्या एमआरआयची. गाठ साडेतीन सेंटिमीटरची निघाली. पुरुषाच्या रक्तात साधारण पंधरा-वीसच्या आत असणारा प्रोलॅक्टिनचा आकडा त्याच्या कागदावर हजारांत होता. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातून गोळी सुरू झाली. पंधरवड्यात बाजूचे दिसू लागले. घरात सण झाला म्हणा ना.

पुढे दीडेक महिन्याने आवणी आली. खाली वाकून रोप लावताना त्याच्या उजव्या नाकपुडीतून थेंब पडू लागले. उभा राहिला की थांबत, वाकला की पुन्हा सुरू. शिंका नाहीत, नाक चोंदलेले नाही. रात्री उताणा झोपला की घशात खारट लागे. जवळच्या दवाखान्यात दोनदा सर्दीच्या गोळ्या मिळाल्या. तिथे त्याने मेंदूच्या गाठीचे सांगितलेच नाही. सर्दीसाठी गेलेला माणूस गाठीचे कशाला सांगेल? ओळखले ते त्याच्या बायकोने, आणि तेही धुणे धुताना. सर्दीचा रुमाल वाळला की खळ घातल्यासारखा कडक होतो. याचा रुमाल वाळून मऊच राहत होता. तिने तसाच दुसरा दिवस पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नवऱ्याला घेऊन ती मुंबईला गेली. डॉक्टरांनी तो द्रव तपासायला पाठवला. ते मेंदूचेच पाणी निघाले. नाकातूनच दुर्बीण घालून, त्याच्याच मांडीची थोडी चरबी आणि पापुद्रा घेऊन भोक बुजवले. ताप यायच्या आत हे झाले, ही मोठी गोष्ट.

ताप यायच्या आत असे म्हणतो त्याला कारण आहे. ज्या वाटेने पाणी खाली येते, त्याच वाटेने नाकातले जंतू वर जाऊ शकतात. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते. कडक ताप, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, ही त्याची चिन्हे. यात तासांचा हिशेब असतो. उद्या सकाळची गाडी पाहत बसायचे नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी मनात पक्के धरावे. पाणी एकाच नाकपुडीतून, स्वच्छ, वाकल्यावर वाढणारे, चवीला खारट, आणि रुमाल कडक न करणारे असेल तर ती सर्दी समजू नका. काहींना औषध सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत हे होते, काहींना काही महिन्यांनी. डॉक्टरकडे पोचेपर्यंत नाक जोराने शिंकरू नये, कापसाचा बोळा कोंबू नये, नाकात थेंब घालू नयेत, डोक्यावर भारा-मोळी घेऊ नये, शौचाला कुंथू नये, उशी उंच करून झोपावे. स्वच्छ कोरड्या बाटलीत थोडे पाणी धरून नेले तर तपासणीला उपयोग होतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गोळी थांबवली की गाठ पुन्हा फुगू शकते, आणि फुगली की डोळे पुन्हा जातील. चालू ठेवायची, कमी करायची की थांबवायची, हे मेंदूचे सर्जन आणि ग्रंथींचे डॉक्टर मिळून ठरवतात.

सुधारलेली नजर पुन्हा गेली तर

दुसरा प्रकार विरळा, पण घरच्यांना बुचकळ्यात टाकणारा. गोळीने नजर सुधारते, रोगी खुशीत असतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा बाजूचे दिसेनासे होते. सगळ्यांना वाटते गाठ पुन्हा वाढली. एमआरआय काढावा तर गाठ आणखी लहान झालेली! कारल्याचा वेल मांडवावर टेकलेला असतो; खालचा खांब खचला की वेल त्याच्याबरोबर खाली ओढला जातो, तसे डोळ्यांच्या नसांचे होते. त्या खालच्या रिकाम्या खोबणीत ओढल्या जातात. अशा वेळी डॉक्टर गोळीचे प्रमाण कमी करतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच नजर परत येते. म्हणजे नजर कमी झाली म्हणून घरच्या घरी गोळी वाढवणे हा उलटा उपाय ठरला असता. गाठ मोठी असलेल्यांनी बाजूच्या नजरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता करावी. "आता दिसतंय की" म्हणून ती टाळू नये.

तिसरा प्रकार म्हणजे गाठीत एकाएकी रक्तस्राव. औषधाशिवायही तो होतो, औषध चालू असतानाही होऊ शकतो. डोक्यात वीज पडावी तसे अचानक ठणकते, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, पापणी खाली पडते, माणूस गुंगीत जातो. हे सापडले की १०८ वर फोन करावा आणि नेताना "पियुषिकेची गाठ आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. अशा वेळी अंगातले जीवनावश्यक स्टिरॉइड एकदम कमी पडते आणि ते इंजेक्शनाने भरून काढावे लागते. डोकेदुखीची गोळी देऊन सकाळपर्यंत झोपवून ठेवायची ही वेळ नव्हे.

मन बिघडते तेव्हा

हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे रोग्यालाच आपण आजारी आहोत हे कळत नाही. डोपामिन हे नुसते दुधाची वेसण नाही. मेंदूच्या दुसऱ्या भागांत तेच द्रव्य हव्यास, मजा, "आणखी एकदा" ही ओढ चालवते. डोपामिनचे सोंग घेणारी गोळी तिथेही पोचते. बहुतेकांना काही होत नाही. पण काही जण या गोळीवर असताना कधी पत्ता न शिवलेले असूनही जुगार खेळू लागतात. मटका, रमी, मोबाइलवरचा पैशाचा खेळ. कोणी नको त्या वस्तूंची खरेदी करत सुटतो, कोणी मध्यरात्री उठून खात बसतो, कोणाची कामेच्छा अनावर होते. थोड्यांना भास होतात, संशय येतो, चिडखोरपणा वाढतो, झोप उडते. आधी मानसिक आजार होऊन गेलेल्यांना हा धोका अधिक.

आपल्याकडे याला काय म्हणतील? हातात पैसा आला, संगत बिघडली, बायको माहेरी गेली म्हणून सुटला. पुरुषाची गेलेली शक्ती औषधाने परत आलेली असते, त्यामुळे घरचेही आधी दुर्लक्ष करतात. आणि भातविक्रीचा पैसा किंवा सोसायटीचे कर्ज उडाल्यावर भांडण होते ते स्वभावावरून, गोळीवरून नव्हे. माझे सांगणे असे, की ज्या दिवशी गोळी सुरू होईल त्या दिवशी नवरा-बायकोने, आई-मुलाने बसून हे एकमेकांना मोकळेपणी सांगावे. स्वभावात बदल दिसला तर तो कधीपासून, गोळी कधीपासून, याचा मेळ घालावा आणि डॉक्टरांना सांगावे. लाजू नये. गोळी कमी केल्यावर किंवा बदलल्यावर हे बहुधा ओसरते. भांडून मात्र ओसरत नाही.

बाकीचे त्रास किरकोळ म्हणायचे, तरी शेतकऱ्याला ते नडतात. सुरुवातीला मळमळ होते, आणि बसलेले उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून डॉक्टर कमी प्रमाणापासून सुरू करतात आणि गोळी रात्री, जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. पहिल्या आठवड्यांत विहिरीच्या काठावर, नारळी-ताडावर, चिकूच्या शिडीवर चढू नये. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन एकदम उठू नये. ताडी-दारूने ही गरगर वाढते. डहाणूकडच्या मित्रांनी राग मानू नये, पण ती या काळात बंदच ठेवावी. पार्किन्सनसाठी फार मोठ्या प्रमाणात कॅबरगोलीन घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्याचे २००७ साली मोठ्या अभ्यासांतून दिसले. गाठीसाठी प्रमाण त्याहून खूपच कमी असते, तरी दीर्घकाळ घेणाऱ्यांना डॉक्टर अधूनमधून हृदयाची सोनोग्राफी सांगतात, ती करून घ्यावी.

गोळी घेण्यातली एक ठेच सांगतो. आपल्याला गोळी म्हणजे सकाळ-संध्याकाळ अशी सवय. कॅबरगोलीन रोजची गोळी नाही. एकदा घेतलेली कितीतरी दिवस अंगात काम करत राहते. ती चुकून रोज घेतली तर वर सांगितलेले सगळे त्रास अंगावर ओढवतील. ज्यांना आठवड्यातून दोनदा सांगितली आहे त्यांनी एक दिवस आपल्या आठवडी बाजाराचा धरावा आणि दुसरा त्यानंतरचा चौथा, आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. वाचता न येणाऱ्या आईबापांची गोळी घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ताब्यात ठेवावी.

गोळीने पाळी सुरू होते आणि दिवसही राहतात. पाळी यायच्या आधीच राहू शकतात. ज्यांना मूल हवे त्यांच्या घरात हा आनंद, पण दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना कळवावे. गाठ लहान असेल तर गोळी बहुधा तेव्हाच थांबवतात. मोठी असेल तर निर्णय वेगळा. गरोदरपणात ग्रंथी मुळातच फुगते, म्हणून डोकेदुखी वाढली किंवा नजर अंधुक झाली तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. आशाताईंना आणि दाईला गाठीची कल्पना द्यावी.

उपचार कुठे, हा शेवटचा प्रश्न. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण या आजाराची वाट अजून मुंबईकडेच जाते. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून चालू आहे आणि तिथे अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, तिने दादरला उतरून जाता येते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून आधी विचारावे.

जाताना जुने एमआरआय बरोबर न्यावेत, नुसता अहवालाचा कागद नव्हे तर फिल्म आणि सीडीसुद्धा. गाठ किती आकसली, हाड कुठे खाल्ले आहे, हे डॉक्टर जुन्या-नव्या फिल्मा शेजारी धरूनच पाहतात. आपल्या घरांत पावसाळ्यात ओल चढते, फिल्मा एकमेकींना चिकटतात. बियाणे ठेवतो तसे कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, आढ्याला टांगून ठेवावे, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत रोग्याचे नाव व गोळीचे नाव लिहावे.